पथ्याची यादी

३ नोव्हेंबर, सोमवार
६ ला डावी कूस. ८ ला उजवी. १० ची डावी अक्कानं केली, मी जीपवर होतो.
शांताला पडून आज दोन महिने. उजवं अंग गेलं ते गेलंच. बोलणं जड झालंय, पण ध्यान सगळं ठिकाणावर. कालच विचारली, जीपचं मागचं दार लागायलंय का नीट. बायको अंथरुणावर अन् काळजी जीपच्या दाराची.
माकडहाडावरची जखम काल नसीम सिस्टरनं पहिल्यांदा मापली. वर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पेनानं भोवती रेघ ओढली. लिंबाच्या फोडीएवढी. प्लास्टिक पुसून ह्या वहीत ठेवलंय. सिस्टर म्हणली, "अण्णा, दर इतवारला काढू. घटायली का वाढायली ते कळतंय." बाई सुट्टीच्या दिवशी आपल्या पायानं येते. कमलनगरहून नेतो-आणतो तेवढंच माझ्याकडून.
घटंल. अक्का पथ्य कडक पाळायली. माझी थोरली बहीण ती, मला अप्पा म्हणते; ती आली म्हणून चूल तरी पेटायली ह्या घरात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळची फेरी. जीपमधी अकरा माणसं, अकरा डॉक्टर.
एक म्हणला, जखमेला तुरीची डाळ वैरी, पू धरतो. दुसरा म्हणला, हरभरा त्याहून वाईट. मागं बसलेली एक म्हातारी म्हणली, माझ्या जावेचा पाय शेंगदाण्यानं चिघळला, बोटं काढावी लागली. अंडं गरम. दही थंड. वांगं तर नावच घेऊ नका. मी गाडी बाजूला घेऊन सगळं लिहून घेतलं. दोन महिने झाले, जो बसला त्याला मी विचारायलो अन् जो बसला तो सांगायलाय.
घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली. वर 'बंद', खाली एकवीस नावं. तूर, मूग, उडीद, हरभरा, हुलगा, शेंगा, तीळ, अंडी, मटण, मासे, दही, ताक अन् बाकीचं. त्याखाली 'चालू'. तांदळाची पेज, साबुदाणा, चहा-बिस्कीट, पपई. अक्षर बरं आलंय. खाटंसमोरच्या भिंतीला चिकटवली, म्हंजे येणाऱ्या-जाणाऱ्यालाबी कळंल.
शांतानं सगळी वाचली. म्हणली, "मंग उरलं काय?"
मी हसलो. म्हणलं, बरी झालीस की सगळं उरलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शांता दुपारी म्हणली, "अवो, एक अंडं द्या की." दोनदा म्हणली.
धनगराच्या घरची बाई. बापाच्या मेंढरामागं वाढली, दुधावर अन् मटणावर. माझ्या घरी आली तवा माझ्याहून दांडगी होती, पोत्याला एका बाजूनं ती हात लावायची. परसात अजून तिच्याच सहा कोंबड्या हिंडायल्यात. अंडी मी शेजारी वाटून टाकतो.
भिंतीकडं बोट केलं. यादी.
माझ्या जिवाला बरं वाटलं का? न्हाई. पण पथ्य म्हंजे पथ्य.

१६ नोव्हेंबर, रविवार
तिसरं प्लास्टिक. पहिल्यावर ठेवून उजेडात धरलं. सगळ्या बाजूनं बोटाच्या पेराएवढी बाहेर. आता लिंबू न्हाई, वाटीचं तोंड.
सिस्टरला सोडायला जाताना जीपच्या आवाजात ती विचारली, "खाना बराबर है ना अण्णा?"
म्हणलं, "एकदम बराबर. पथ्य लई कडक."
तिला ऐकू आलं का न्हाई काय की. मान हलवली.

२३ नोव्हेंबर, रविवार
चिकटपट्टी काढताना पट्टीसंगं कातडं निघून आलं. मांडीवर, जखम नव्हती तिथं. कांद्याची साल निघावी तसं. शांता ओरडलीबी न्हाई. सिस्टर "या अल्ला" म्हणून हात मागं घेतली.
हाता-पायाला कोंडा सुटायलाय. खोबऱ्याचं तेल लावलं की तासभर बरं दिसतंय, मंग पुन्हा पांढरं. फणीत केसाचे पुंजके. अक्का ते गुंडाळून चुलीत टाकते, शांताला दिसू नये म्हणून. शांताला दिसतंय.

३० नोव्हेंबर, रविवार
आज एक चांगलं. शांताचे पाय भरायलेत. जोडवी रुतून बसल्यात, साबण लावून काढावी लागली. अक्का म्हणली, "बघ अप्पा, अंग धरायली. पथ्याचा गुण." सिस्टर आज आली न्हाई, तिच्या भावाकडं लग्न. न्हाई तर दाखवलं असतं.
लई दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या मी. जोडवी फडक्यात बांधून ठेवल्यात. बरी झाली की मोठी करून घेऊ.

७ डिसेंबर, रविवार
जखम वाढली. वास यायलाय. सिस्टर पायाकडं बघितली अन् म्हणली, "अण्णा, उदगीरला न्या. मोठ्या डॉक्टरला दाखवा." म्हणलं, पाय तर भरायलेत की. ती पुन्हा म्हणली, उदगीरला न्या.
येळवस, म्हंजे येळ अमावास्या, झाली की नेतो. बारा दिवसांवर आलीय. शेतातली पूजा टाकून कसं जायचं?

१४ डिसेंबर, रविवार
६ डावी. ८ उजवी. उताणं ठेवायची सोयच न्हाई आता. हवेची गादी आणली, ती रात्रंदिवस घुंई-घुंई करतीय. शांता म्हणली, "जीपवर निजल्यावानी वाटतंय."
दोन चमचे पेज. तिसऱ्याला तोंड फिरवली. साबुदाण्याचं तर नाव काढू देईना.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस
लिहू का नको झालंय. पण लिहितो.
शांता हट्टाला पेटली, मला शेतात न्या. मागची सीट काढली, गादी टाकली, जीपमधी आडवी करून नेली. चिंचंखाली ठेवली. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून पाच दगड, आंबील, सगळं झालं. सगळ्या शिवारात धूर अन् माणसं. गेल्या साली भज्जी तिनंच केल्ती, दोन घागरी. तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वाल, शेंगदाणे, वरून बेसन अन् चिंच. औरादपासनं माणसं यायची तिच्या हातची भज्जी खायला. ह्या साली अक्कानं केली. शांता पडल्या पडल्या सांगायली, "वाल आदी टाका, लवकर शिजत न्हाईत."
मी आंबील शिंपडून आलो. बघतो तर शेजारच्या पत्रावळीतून डाव्या हातानं मूठ भरून घेतलीय. तोंडाकडं न्यायली.
मी पळालो. मनगट धरलं. मूठ उघडंना. एवढा जोर कुठून आला काय की. एक एक बोट उघडलं, भज्जी पत्रावळीत टाकली, हात धुतला, माझ्या धोतरानं पुसला.
ती रडली न्हाई. म्हणली, "वरीसभरानं येती येळवस."
म्हणलं, "पू धरंल गं. तुझ्याच भल्यासाठी."
चार माणसं बघायली. एक जण म्हणला, बरं केलं अण्णा. मलाबी तसंच वाटलं.

२३ डिसेंबर, मंगळवार. उदगीर
डॉक्टर तरणा हाय. जखम बघितली, मंग पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. ते अंग धरणं नव्हतं. सूज होती. रक्तातलं प्रोटीन संपलं की पाणी असं पायात उतरतंय म्हणला. मी जोडवीची गोष्ट सांगितली न्हाई.
विचारला, "खायला काय देता?"
मी खिशातनं यादी काढली. जीपसाठी एक नक्कल ठेवल्ती. मोठ्या ऐटीत दिली त्याच्या हातात.
त्यानं वाचली. पुन्हा वाचली. मंग म्हणला, "कातडं कशाचं बनतं माहीत आहे का? तुम्ही 'बंद'खाली जे लिहिलंय ना, त्याचंच बनतं. डाळ, अंडं, दूध, शेंगा, मटण. जखमेतून रोज प्रोटीन वाहून चाललंय, वरून काहीच येत नाही. मग शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. मी पट्टी कितीही चांगली केली तरी भरायला आत काही पाहिजे ना?"
मी म्हणलं, "पू धरतो म्हणत्यात."
"कोण म्हणतं?"
काय सांगू. जीपमधली माणसं.
रागावला न्हाई तो. रागावला असता तर बरं झालं असतं. सडकं मांस कापून काढलं, इंजेक्शनं दिली. रोज दोन अंडी, दोन येळा घट्ट वरण, दूध, भिजलेले शेंगदाणे वाटून. बाहेर येऊन एकट्याला बोलला, "उशीर झालाय. खाल्लं तर बघू. नाही खाल्लं तर माझ्या हातात काही नाही."
येताना शांता मागं गादीवर. ऐकलं असंल का तिनं? आरशात बघितलं. डोळे उघडे.

२४ डिसेंबर, बुधवार
यादी फाडली. भिंतीचा चुना निघाला तिच्यासंगं, चौकोन दिसायलाय.
अक्काला सांगितलं. ती चुलीपुढं बसली. म्हणली, "मंग मी मारायलते का तिला, अप्पा?" म्हणलं, तू न्हाई, मी. यादी माझ्या अक्षरात होती.
अक्का जन्मात अंड्याला शिवलेली न्हाई. आज परसात तीन दगड मांडून जुन्या तांब्यात अंडं उकडली, स्वतः सोलली, मीठ लावली. सोलताना पांढऱ्याचे तुकडे पडायले, तिला सोलायचं ठाऊक न्हाई. बशीत घेऊन खाटंपाशी गेली.
शांतानं बघितलं. भिंतीवरल्या चौकोनाकडं बघितलं. म्हणली, "नको. पू धरतो."

२६ डिसेंबर, शुक्रवार
वरण. नको. दूध. नको. अंडं. तोंड घट्ट.
डॉक्टरनं सांगितलंय, म्हणलं. तवाबी कोणीतरी सांगितलंच होतं की, म्हणली. सावकाश, एक एक अक्षर जुळवत. रागानं न्हाई. राग असता तर मी भांडलो असतो, चाळीस वर्षं भांडलोय.
पेज अक्काच्या हातनं तीन चमचे.

२८ डिसेंबर, रविवार
सिस्टरला सगळं सांगितलं. यादीचं, जोडव्याचं, मुठीचंबी. सिस्टर पट्टीचं सामान उघडली. म्हणली, "मैं पूछी थी ना अण्णा. जीप में." म्हणलं, व्हय. "तुम बोले बराबर."
तिच्या डोळ्याला पाणी. मला वाटलं, ही बाई मला शिव्या देईल. तिनं माझ्या हातात हातमोजे दिले, म्हणली, धरा, शिका, मी नसले की तुम्हालाच करायचंय.
जखमेत माझी चार बोटं बसतील.

२ जानेवारी, शुक्रवार
चोरी करायलो. अंड्याचा पांढरा फेटून पेजेत घालायचा, वरून जिरं, वास येऊ नये. परवा खाल्ली. काल खाल्ली, सात चमचे. अक्का अन् मी परसात एकमेकाकडं बघून हसलो, किती दिवसांनी.
आज पांढऱ्याची एक तार तशीच राहिली पेजेत. जिभेवर लागली. तिनं बोटानं काढून उजेडात धरली. मंग माझ्याकडं बघितली.
स्वैपाकीण बाई ती. दोन घागरी भज्जीत मीठ कमी हाय ते वासावर सांगायची. तिला फसवायला निघाल्तो मी.

५ जानेवारी, सोमवार
आता माझ्या हातनं पाणीबी घेईना. अक्काच्या हातनं घेती, तेबी आदी चमच्यात बघून.
सिस्टरची ने-आण सोडली तर जीप तीन दिवस उभी. फेरीला जायला तोंड न्हाई. कोणी बसलं अन् विचारलं, वहिनी कशी हाय, पथ्य चालू हाय का, तर मी काय करीन सांगता येत न्हाई. त्यांच्यावर कशाला राग. कोणी माझ्या पायाशी येऊन सांगितलं नव्हतं, मीच गाडी थांबवून विचारायलतो. माणसाला काहीतरी करायला पाहिजे असतंय. बायको पडली, मला काय करता येईना, म्हणून यादी केली. एवढंच खरं.

८ जानेवारी, गुरुवार
आज सरळ विचारलं. खाटंजवळ खाली बसलो. "कामून खाईनास गं? मरायचंय का?"
मंग म्हणली, "मागितलं तवा दिलं न्हाई."
"चुकलं माझं."
"आता भूकच न्हाई. तुमी म्हणलाव तसं केलं, भूक मारली. आता ती येईना."
तिचा हात धरला, कातडं हातात सरकायलं, आत नुसतं हाड. हातावरचं गोंदण सुरकुतून गेलंय, माझंच नाव हाय ते, आता वाचता येत न्हाई.
मी रडलो. तिनं रडू दिलं.

११ जानेवारी, रविवार
दहावं प्लास्टिक. जखमेच्या एका कोपऱ्यात पांढरं दिसायलंय. मला वाटलं पू. सिस्टर म्हणली, हाड.
उदगीरला फोन केला. डॉक्टर म्हणला, आणा, नाकातनं नळी घालू, नळीतनं प्रोटीन देऊ. शांतानं ऐकलं अन् मान हलवली. न्हाई. डाव्या हातानं चादर धरली. तीच मूठ.
नेऊ का जबरीनं? एकदा जबरी केलीय मी तिच्या मुठीवर. दुसऱ्यांदा हात उचलंना.
सिस्टर म्हणली, हप्ता बघू.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
बाया आल्त्या हळदी-कुंकवाला. शांताच्या कपाळाला कुंकू लावलं तर खालचं कातडं ओलं झालं. पुसून काढलं.
तिळगूळ एक जण तिच्या हातावर ठेवली. शांता माझ्याकडं बघितली. यादीत तीळ सातव्या नंबरला होता. मी म्हणलं, खा. तिनं गादीवर ठेवला. संध्याकाळी मुंग्या लागल्या.

१६ जानेवारी, शुक्रवार
६ डावी. ८ उजवी. १० डावी. १२ उजवी.
अक्का म्हणली, तुझ्या पोरीला बोलवून घे हैद्राबादहून. म्हणलं, कशाला. अक्का म्हणली, कशाला म्हंजे?
फोन केला. परवा रात्रीच्या गाडीनं निघती म्हणली.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी उठून एकट्यानं भज्जी केली. अक्का म्हणली, येळवशीबिगर भज्जी करत न्हाईत. म्हणलं, ज्यानं करत न्हाईत म्हणलं त्याचं ऐकून हितवर आलोय, आता गप बस. ती गप बसली न्हाई, पण वाटाणे सोलू लागली.
ओला हरभरा शेजारच्या रानातनं उपटून आणला. तुरीच्या शेंगा वाळून गेल्यात, दाणे रात्री भिजत घातले. वाल आदी टाकले. मुद्दाम मोठ्यानं म्हणलं, वाल आदी टाकायलो गं. आतनं उत्तर आलं न्हाई. चिंच जास्त झाली. बेसनाच्या गाठी झाल्या, त्या पळीनं फोडल्या.
घरभर वास. मला येळवसच्या शेताचा वास आला.
सिस्टर येऊन गेली. अकरावं प्लास्टिक दहाव्यावर ठेवलं. रेघेवर रेघ. कमी न्हाई, जास्तबी न्हाई. सिस्टर म्हणली, जास्त न्हाई हेच आज लई झालं. त्याच्यावर मी भरवसा ठेवत न्हाई. नुसत्या अक्काच्या पेजेवर किती दिवस निघतील.
शांताला उजव्या कुशीवर घेतलं, पाठीला उशी, डावा हात मोकळा. वाटी घेऊन गेलो. चमचा पुढं केला न्हाई. तिनं वाटीत बघितलं, भज्जी, वर शेंगदाणे. बघत राहिली.
म्हणली, "येळवस होऊन गेली की."
"व्हय," एवढंच म्हणलं. "माझ्यापायी गेली."
वाटी तिच्या डाव्या हाताजवळ गादीवर ठेवली. जेवाया वाढतेवेळी तिनं मला कधी खा म्हणलं न्हाई, ताट ठेवून चुलीकडं जायची. तसंच केलं. उठून बाहेर आलो, अक्कालाबी हाताला धरून बाहेर आणलं.
ओट्यावर बसून लिहायलो. अर्धा तास झाला. आत गादीची घुंई-घुंई. मधी एकदा वाटी खाटेच्या दांडीला लागल्यावानी वाजली. हाताचा धक्का असंल, कोंबडी असंल. अक्का म्हणली, बघून ये. म्हणलं, थांब.
दहाची डावी कूस राहिलीय. तवा जावंच लागंल आत.